किंमत उतरते, बिल उतरत नाही

ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक अजब खरेदी झाली. शहरातल्या उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. त्यातला मोठा हिस्सा स्टेट बँकेच्या कर्जाचा आणि व्याजाचा दर ७ टक्के. लोकांनी गाड्यांच्या रांगेचे फोटो पाहिले. आम्हा बँकवाल्यांत मात्र गाड्यांपेक्षा त्या ७ टक्क्यांचीच चर्चा अधिक रंगली.

माझ्या मनात तेव्हापासून एक वेगळाच प्रश्न घोळतो आहे. त्या दीडशे गाड्या आज कुठे असतील? कर्जं केव्हाच फिटली असणार. पहिल्या मालकांनी पाच-सात वर्षांत नवं मॉडेल घेऊन जुनी गाडी विकली असणार. मग दुसरा मालक आला असेल, कदाचित तिसराही. पहिल्याच्या घरी ती गाडी म्हणजे मिळवलेल्या यशाची पावती होती. तिसऱ्याच्या घरी ती काय आहे, हे त्याला महिन्याच्या शेवटी विचारावं.

हा तिसरा माणूस तुमच्याआमच्या घरातलाच असतो. मर्सिडीजची जुळणी पुण्यात १९९५मध्ये सुरू झाली, तोवर अशी गाडी आपण सिनेमात किंवा एखाद्या साखरसम्राटाच्या लग्नात पाहायची. आज सात-आठ वर्षं वापरलेली जर्मन गाडी नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते. शेजारी नवी गाडी घेतो, आपण तेवढ्याच पैशांत 'मोठी' घेतो. यात वाईट काही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौसेच्या गाडीच्या ब्रेक पॅडला असतं, आणि ते छापील असतं.

या सगळ्या व्यवहाराची गोम मला विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात दिसते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, मग दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. पुढचं विमेदार आणि कंपनीने आपसात ठरवायचं. म्हणजे पाच वर्षांत गाडी कागदावर निम्म्यावर येते. पण तिचा हेडलाइट निम्म्यावर येत नाही, गिअरबॉक्स येत नाही, सस्पेन्शनचा आर्म तर नाहीच नाही. उलट दरवर्षी त्यांच्या किमतीची यादी वर सरकते. तेव्हा साडेतेरा लाखांना ४६ लाखांची गाडी घेणारा माणूस खरेदी करतो साडेतेरा लाखांची, पण सांभाळतो ४६ लाखांचीच. विकणारा दलाल हे सांगत नाही. कर्ज देणारी बँकही सांगत नाही, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. बँक पाहते ती हप्त्याची ऐपत. दुरुस्तीच्या ऐपतीचा रकाना कर्जाच्या अर्जात नसतो.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. माझ्या भाच्याने २०२२च्या दिवाळीत अशी एक गाडी घेतली. तो हिंजवडीत नोकरीला, घर कोथरूडला, घराचं कर्ज चालू. गाडी २०१५ची, रंग काळा, आतून नव्यासारखी. पुढच्या जूनमध्ये खड्ड्यांतून जाताना खडखड यायला लागली म्हणून त्याने ती अधिकृत वितरकाच्या वर्कशॉपमध्ये दिली. संध्याकाळी मोबाइलवर एस्टिमेट आलं: ३ लाख ८७ हजार ४०० रुपये.

दुसऱ्या दिवशी बहीण माझ्याकडे आली. पिशवीतून मुदत ठेवीची पावती काढून म्हणाली, "दादा, ही मोडली तर किती कापतील?" पावती चार लाखांची. भावजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. भाच्याने मागितली नव्हती. त्याला तर ठाऊकही नव्हतं. आईच ती, पोराचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. मी म्हटलं, "मोडायचं नंतर बघू. आधी त्याला म्हणावं, तो कागद घेऊन ये."

एस्टिमेटचा कागद वाचायची एक रीत असते. बहुतेक लोक थेट खालचा आकडा वाचतात आणि डोक्याला हात लावतात. मी वरून वाचतो. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन आर्म आणि बुश, १ लाख १२ हजार. चारही चाकांच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, पॅडमधल्या सेन्सरसकट, ९८ हजार. गिअरबॉक्सचं ऑईल, पॅन आणि फिल्टर, ६१ हजार. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट, ५४ हजार. इंजिन माउंटिंग, ४७ हजार. बाकी किरकोळ. सुट्या भागांवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला आहे). मजुरीचा हिशेब तासांवर दिसतो, पण ते तास घड्याळाचे नसतात. प्रत्येक कामाला कंपनीने वेळेची एककं ठरवून दिलेली असतात. कारागिराने काम अर्ध्या वेळात उरकलं तरी बिल पूर्ण एककांचं.

आता वितरकाला लुटारू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. नोकरीत असताना एका वाहन वितरकाची कॅश क्रेडिटची फाइल माझ्या टेबलावर होती, तेव्हा या धंद्याची आतली बाजू मी पाहिली. नवी गाडी विकताना सवलती, अॅक्सेसरीज, एक्स्चेंज यांत नफा घासून जातो. काचेच्या शोरूमचं भाडं, पगार, वीज हा खर्च भागवायचा तो वर्कशॉपने. सुट्या भागांच्या आणि सर्व्हिसच्या नफ्यातून एकूण पडीक खर्चाचा किती हिस्सा निघतो, याचं एक गुणोत्तरच या धंद्यात मांडतात आणि मालक त्यावर डोळा ठेवून असतो. म्हणजे शोरूममधल्या त्या मोफत कॉफीचे पैसे कुणीतरी ब्रेक बदलताना देत असतो. शिवाय खास हत्यारं, कंपनीचं प्रशिक्षण, मूळ सॉफ्टवेअर, भागांचा साठा हा खर्च खराच आहे. आणि भाच्याबरोबर मी गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरने गाडी लिफ्टवर चढवून फाटलेले बुश आम्हाला दाखवले. निदान खोटं नव्हतं.

मी एकच विचारलं, "यातलं आज केलंच पाहिजे ते कोणतं, आणि सहा महिने थांबेल ते कोणतं?" त्यावर त्यांनी कागद परत घेतला आणि पेनाने खुणा केल्या. इंजिन माउंटिंग थांबू शकत होती. हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

तिथून आम्ही वारज्याच्या एका गॅरेजमध्ये गेलो. पत्र्याची शेड, दोन लिफ्ट, भिंतीला लावलेला लॅपटॉप. मालक चाळिशीचा, अकरा वर्षं वितरकाच्याच वर्कशॉपमध्ये काम करून बाहेर पडलेला. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातला फिटर स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आजार ओळखायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी गावोगावचा कुणीही हुशार माणूस खोलू शकत होता. हा मनुष्य आधी स्कॅनर लावतो, मग कान. त्याने तीच यादी काढली, माउंटिंग वगळून. आकडा सांगितला १ लाख ६९ हजार.

निम्म्याहून कमी कसं? त्याने दोन खोकी पुढे ठेवली. एकावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह, दुसऱ्यावर नाही. आतला सस्पेन्शन आर्म एकाच कारखान्याचा. मोटार कंपन्या सगळे भाग स्वतः बनवत नाहीत. बॉश, झेडएफ, माहले, मान अशा कारखान्यांकडून घेतात, आणि हेच कारखाने आपल्या नावाच्या खोक्यातूनही अनेक भाग बाजारात विकतात. खोकं बदललं की किंमत बदलते. गिअरबॉक्सच्या ऑईलची गोष्ट तर फारच बोलकी आहे. अनेक महागड्या गाड्यांच्या पुस्तिकेत हे ऑईल 'आयुष्यभरासाठी' असल्याचं सांगितलेलं असतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ते बदला. आयुष्य कुणाचं धरायचं, गाडीचं की वॉरंटीचं, हा प्रश्न गॅरेजवाल्याने हसत विचारला.

मात्र 'स्वस्त' या शब्दाला दोन चेहरे आहेत. वारज्याचा हा माणूस एक चेहरा. दुसरा चेहरा नाक्यावरचा, जो कोणत्याही गाडीत कोणतंही ऑईल ओततो. या इंजिनांना कंपनीने मान्य केलेल्या विशिष्ट दर्जाचंच ऑईल लागतं. डब्यावर तो मान्यता क्रमांक छापलेला असतो, तो वाचावा. काही गाड्यांत बॅटरी बदलली तरी गाडीच्या संगणकाला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुनी बॅटरी समजून नवीला चार्ज करत राहतो. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे सुट्या भागांचा समुद्र आहे. त्यात मोती आहेत आणि हुबेहूब खोक्यातले नकली फिल्टरही. आमच्याच कामात थर्मोस्टॅट नकली निघाला. गॅरेजवाल्याने तो बसवण्याआधी ओळखून परत पाठवला, आणि अस्सल येईपर्यंत गाडी नऊ दिवस उभी राहिली. वितरकाने चार दिवस सांगितले होते. उरलेल्या पाच दिवसांच्या रिक्षा भाच्याने मोजल्या, पण तो आकडा काही दोन लाखांच्या जवळ गेला नाही.

ठेवीची पावती बहिणीच्या कपाटात परत गेली. जानेवारी २०२४मध्ये भावजींचं ऑपरेशन झालं.

एका कामासाठी मात्र वारज्याच्या त्या कसबी माणसालाही हात टेकावे लागले. काही महिन्यांनी एक कंट्रोल युनिट बिघडलं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं चांगलं युनिट त्याने मिळवलं, बसवलं, पण गाडी ते स्वीकारेना. चोरीचे भाग वापरता येऊ नयेत म्हणून त्या कुलपाची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तिथवर फक्त अधिकृत वर्कशॉपचा हात पोचतो. चोरी रोखण्याचं कारण खरं आहे. पण त्याच कुलपाने प्रामाणिक गिऱ्हाईकही एकाच दुकानाशी बांधला जातो, हेही खरं.

ही तक्रार आमच्या घरापुरती नाही. २०११मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेमकी हीच दाद मागितली: सुटे भाग आणि निदानाची साधनं कंपन्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना देत नाहीत. चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात आपल्या रोजच्या गाड्या बनवणाऱ्याही होत्या आणि महागड्या जर्मन गाड्या बनवणाऱ्याही. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात द्या, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असं आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली. २०१६मध्ये तीन कंपन्यांच्या अपिलात न्यायाधिकरणाने मूळ निष्कर्ष उचलून धरला, दंड मात्र घटवला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल उघडलं. कायदा अजून झालेला नाही.

मला कुणी विचारलं तर माझं मत सरळ आहे. वॉरंटी आहे तोवर वितरक सोडू नये. त्या काळात वाचवलेले पाच हजार पुढे पाच लाखांना पडू शकतात. एअरबॅग आणि कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचं काम तिथेच, आणि त्या परत बोलावलेल्या कामाचे पैसे द्यायचे नसतात. वॉरंटी संपल्यावर मात्र त्याच कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेला स्वतंत्र कारागीर शोधावा, प्रत्येक बिल जपून ठेवावं, आणि काढलेला जुना भाग डोळ्यांनी पाहावा. जुनी महाग गाडी घेताना तिच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या दिवशीच वेगळा ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही. हप्ता परवडला तरी नाही. भाच्याला हे पटलं नाही, पण तो वाद आमचा चालूच असतो.

गेल्या महिन्यात तो गॅरेजवाला एका वेगळ्याच कामासाठी माझ्याकडे आला. नवा स्कॅनर घ्यायचाय, त्याचं सॉफ्टवेअर दरवर्षी पैसे भरून नवं करावं लागतं. लिफ्टसाठी बँकेने कर्ज दिलं होतं, कारण लिफ्ट तारण ठेवता येते. "मामा, सॉफ्टवेअर तारण घेते का हो बँक?" भाच्यामुळे मी त्याचाही मामा झालो आहे. नाही म्हटलं, घेत नाही. मग आम्ही दोघं बसलो आणि मुद्रा योजनेचा अर्ज भरला. त्याला तारण लागत नाही. रक्कम साडेतीन लाखांची, तेव्हा तो ५० हजार ते ५ लाखांच्या गटात बसला. त्या गटाचं सरकारी नाव 'किशोर' आहे. त्रेचाळीस वर्षांचा तो गडी, कानशिलावर पांढरे केस, बोटांत काळं ग्रीस. त्याने ते नाव दोनदा वाचलं, मोठ्याने हसला, आणि सही कुठे करायची ते विचारलं.