शहरातून गावी परतलात? पहिले वर्ष जपून!



१९८२ च्या संपानंतर मुंबईचे अनेक गिरणी कामगार गावाकडे वळले. २०२० च्या टाळेबंदीतही तेच घडले. आजही काम सुटले की माणूस वडिलोपार्जित जमिनीकडे येतो. हातात फंडाची रक्कम नि मनात घाई. इथेच पाय घसरतो बघा! पगार महिन्याला येतो, शेतीचा पैसा हंगामाला, तोही पाऊस साधला तर. म्हणून वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला ठेवा. बोअर, ट्रॅक्टर पहिल्या वर्षी नकोच.

सातबारा आणि आठ-अ उतारा काढून आपले नाव व क्षेत्र पाहा.

उन्हाळ्यात माती तपासा. बांध, झाड, उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. कडेची माती तासून एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या.

घरचे सोयाबीन पेरायचे असेल, तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. ७० दाणे उगवले तर बियाणे पेरण्याजोगे.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय तिफण काढू नका. दुबार पेरणी फंड खाऊन टाकते.

आणि गावकरी मंडळी, अशा भावाला ‘मुंबईकर’ म्हणून हसू नका. त्याला बांधावर बोलवा, दोन गोष्टी सांगा. बँकेच्या नि कचेरीच्या कागदात तोही तुमच्या उपयोगी पडेल.