पुण्याची 'राजी' खेळलात का?

उरला-रायपूरकडच्या मराठी गेमरांनो, परदेशी अद्भुत मालिकांच्या जोडीला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' नक्की खेळा. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा हा गेम २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघालेली राजी आणि तिची कथा सांगणारे दुर्गा नि विष्णू! लढाई पुढे थोडी एकसुरी होते, पण भिंतींवरच्या देवकथा बघत रेंगाळण्यात खरी मजा आहे.

असंच अद्भुत काही मराठीत वाचायचं असेल तर नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा घ्या. विज्ञानकथेसाठी जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. त्यांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली होती, तीही टोपणनावानं पाठवलेली! सुरुवात नारळीकरांपासूनच करा.