मनाचा आजार वारशात असतो, ललाटी नसतो

मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या पूर्वीच्या औंध संस्थानात शाळकरी मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी या व्यायामाचा आयुष्यभर प्रचार केला. १९३८ मध्ये त्यांचे याविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्येही प्रसिद्ध झाले. परंपरेने हे नमस्कार उगवत्या सूर्यासमोर घातले जातात. या कोवळ्या उजेडाचा देहावर काय परिणाम होतो, हे मात्र त्या काळी जनुकांच्या भाषेत सांगता येत नव्हते.

१९७१ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सिमूर बेंझर यांना फळमाशीची दिनरात्रीची लय बिघडवणारे जनुकीय बदल आढळले. या 'पीरियड' जनुकाचे कार्य उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पुरेसे साठले की आपल्याच जनुकाचे काम थांबवते. ते नष्ट झाले की चक्र पुन्हा सुरू होते. मनुष्यदेहातही असेच घड्याळ आहे. ते सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि सकाळचा प्रकाश ते रोज जुळवून घेतो. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरकही याच लयीने पहाटे वाढते, रात्री उतरते.

मानसिक आजारांत ही लय अनेकदा विस्कटते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवी विकारात जागरणाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. हा विकार असलेल्या रुग्णाची झोप एकाएकी कमी होऊनही थकवा जाणवत नसेल, तर घरच्यांनी ती धोक्याची सूचना समजावी.

मग हे सारे जन्मतःच ठरलेले असते काय? छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. म्हणजेच दहापैकी नऊ मुले त्यातून सुटतात. एकरूप जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी निगडित २८७ जनुकीय स्थाने आढळली. त्यांपैकी बहुतेकांचा वाटा अगदी अल्प आहे.

तरीही सोयरीक जुळवताना 'घराण्यात कोणी वेडसर होते का?' ही चौकशी होतेच. या धास्तीने कुटुंबे आजार लपवतात, उपचार लांबतात आणि नुकसान वाढते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

सकाळचा उजेड आणि नियमित झोप औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र वारसा बदलता येत नसला, तरी दिनक्रम आणि वेळेवर उपचार हे कुटुंबाच्या हाती आहे. घराण्यातला आजार ही दडवण्याची नव्हे, तर डॉक्टरांना आधी सांगण्याची गोष्ट आहे.