पोळ्यातलं घर कसं मोजाल?
एकाच घरावर पट्टी धरून माप कळत नाही. पोळ्याच्या मधोमध, कामकरी माश्यांच्या अळ्या वाढतात तिथली सरळ ओळ निवडा. पहिल्या घराच्या डाव्या भिंतीपासून अकराव्याच्या डाव्या भिंतीपर्यंत मोजा, दहाने भागा. षटकोनाच्या तिन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा; नरांची मोठी घरं वगळा. युरोपीय मेलिफेरा मधमाशीच्या नेहमीच्या मेणपत्र्यावर (घरांचे ठसे असलेला, पेटीत बसवायचा मेणाचा पत्रा) दहा घरं साधारण ५४ मिमीत बसतात, ‘लहान घरां’च्या पत्र्यावर ४९ मिमीत. लहान घरांमुळे वरोआ या परजीवी कोळ्याला आळा बसतो, हा दावा जॉर्जिया, फ्लोरिडा, आयर्लंडमधल्या चाचण्यांत टिकला नाही. साखरशेत गावच्या रानातली सातेरी ही देशी मधमाशी मुळातच लहान चणीची, तिची घरं याहूनही लहान. तिच्या पेटीत मेलिफेराचा पत्रा बसवूच नका. तिनेच बांधलेलं पोळं मोजा आणि त्या मापाचा पत्रा मागा.