बाजारव्यवहारातील नीती : धारवाडच्या कापसापासून अमरगोळच्या यार्डापर्यंत

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात 'व्यवसायनीती' हा विषय आता रुळला आहे. त्यावरील पाठ्यपुस्तकांत उदाहरणे मात्र ठरावीकच असतात. 2001 मध्ये कोसळलेली एन्रॉन, 2009 च्या जानेवारीत उघडकीस आलेला सत्यम कंपनीचा हिशेबघोटाळा आणि त्यांच्या अनुषंगाने आलेल्या आचारसंहिता. विद्यार्थी हे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि नीती ही मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळाने पाळायची किंवा मोडायची बाब आहे, असा समज घेऊन बाहेर पडतो. हुबळी-धारवाड परिसरातील महाविद्यालयांत तर असे विद्यार्थी असतात की ज्यांच्या घरचा कापूस, मका, कांदा, भुईमूग हुबळी-धारवाड रस्त्यावरील अमरगोळच्या बाजार समितीत जातो. व्यवसायनीतीचा खरा पाठ तेथे रोज चाललेला असतो.

बाजारातील अनीती बहुतेक वेळा एकाच जागी जन्म घेते. व्यवहारातील एका पक्षाला जे ठाऊक असते ते दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि जाणणारा ते सांगत नाही. ही गोष्ट कधी वजनाची असते, कधी प्रतीची, कधी भावाची, तर कधी कर्जाच्या कागदाची. प्रस्तुत लेखात याच सूत्राने आपल्या भागातील बाजाराचा विचार केला आहे.

आधी शब्दांकडे पाहू. मराठी माणूस बाजारात उभा राहून बोलतो ती भाषा बरीचशी अरबी-फारसीतून आलेली आहे. बाजार, दुकान, तराजू, वजन, किंमत, नफा, नुकसान, जमा, खर्च, बाकी हे सारे शब्द दख्खनच्या सुलतानी कारभारातून मराठीत मुरले. 'जकात' हा शब्द तर मूळचा धार्मिक दानाचा, मराठीत येऊन तो नाक्यावरचा कर झाला. 'दलाल' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वाट दाखवणे असा आहे, 'दलील' हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे दलाल हा मुळात जाणकार वाटाड्या. आज मराठीत हा शब्द शिवीच्या जवळ जाऊन बसला आहे, यावरून वाटाड्याने काय केले असावे याचा अंदाज येतो. 'हिशेब' आणि बाजारावर देखरेख ठेवणारी इस्लामी संस्था 'हिस्बा' हेही एकाच धातूचे. हिस्बाचा अधिकारी मोहतसिब. वजने-मापे तपासणे आणि भेसळ पकडणे हे त्याच्या कामांपैकी प्रमुख.

धारवाडचा कापूस

या भागातील बाजारनीतीचा सर्वांत बोलका प्रसंग एकोणिसाव्या शतकातला आहे. 1840 च्या दशकात कंपनी सरकारने धारवाड जिल्ह्यात अमेरिकन कापसाच्या लागवडीचे प्रयोग केले. गुजरातेत आणि इतरत्र हे प्रयोग फसले, पण धारवाडच्या काळ्या जमिनीत ते वाण टिकले आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने विलायतेच्या बाजारात ओळखले जाऊ लागले. त्याच्या शेजारीच देशी वाण पिकत होते. कुमठा बंदरातून जात असल्यामुळे ते 'कुमठा' या नावाने विकले जाई.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत भाव कल्पनेपलीकडे चढले. चढत्या भावाबरोबर भेसळही वाढली. अमेरिकन कापसात देशी मिसळणे, गठ्ठ्यात सरकी, माती आणि कचरा राहू देणे, वजन वाढावे म्हणून कापूस ओला करणे अशा तक्रारी होऊ लागल्या. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापूस-भेसळीविरुद्ध खास कायदा केला, निरीक्षक नेमले, शिक्षा ठरवल्या. पुढे तो कायदा मागे घेण्यात आला.

येथे थांबून विचार करावा असे बरेच आहे. शेतकरी किंवा व्यापारी एकाएकी पापी झाला असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या गावात विकणारा आणि घेणारा दर आठवड्याला समोरासमोर येतात तेथे खोट्याला किंमत मोजावी लागते. धारवाडचा गठ्ठा शेवटी ज्याने उघडला तो लँकशायरचा गिरणीवाला होता, आणि त्याची व शेतकऱ्याची गाठ कधीच पडणार नव्हती. मध्ये चार-पाच हात होते, आणि प्रत्येक हाताला थोडी भेसळ परवडत होती. शिवाय गठ्ठा बाहेरून पाहून चांगला कोणता आणि वाईट कोणता हे कळत नसल्यामुळे गिरणीवाला सगळ्याच मालाला कमी भाव देऊ लागला, तर स्वच्छ कापूस आणणाऱ्याचेच नुकसान. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. अध्यापकांनी मोटारींऐवजी कापसाचे उदाहरण दिले, तर धारवाडच्या विद्यार्थ्याला ते अधिक लवकर कळेल.

ओले धान्य

हदीसमधील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. पैगंबर मुहंमद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. या प्रसंगाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. ओले धान्य विकण्यास मनाई झालेली नाही. ओल लपवण्यास मनाई झाली आहे.

फिक्हच्या ग्रंथांतील व्यापाराचे कितीतरी नियम याच एका धाग्यात ओवलेले दिसतात. घ्यायचे नसताना दुसऱ्याला चढवण्यासाठी खोटी बोली लावणे म्हणजे 'नजश', ते निषिद्ध. बाजारात येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून, त्याला शहरातला भाव कळण्यापूर्वी माल घेणे, हेही निषिद्ध. शिवाय असा विक्रेता बाजारात पोचल्यावर त्याला सौदा मोडण्याचा अधिकार दिलेला आहे. गावाच्या वेशीवर टेम्पो उभा करून माल उचलणारा व्यापारी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांचे चरित्रकार सांगतात की एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर मागितले. याची किंमत जास्त आहे, असे इमाम सांगत गेले, ती शंभर-शंभराने वाढवत गेली आणि अखेर पाचशेला सौदा झाला. घेणाऱ्याने विकणाऱ्याला खरा भाव सांगणे ही अपेक्षा कोणत्याही कायद्याच्या पुढची आहे. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मधील उपजीविकेच्या प्रकरणात न्याय आणि एहसान असा भेद केला आहे. न्याय पाळला की माणूस नुकसान टाळतो, एहसान हा त्यावरचा.

रुमाल आणि कागद

गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपल्याकडच्या बाजारांत भाव ठरे तो रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी बोली करत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला एकही आकडा कळत नसे. ही 'हत्ता' पद्धत. हिच्याविरुद्धची लढाई कापसाच्या बाजारांतून सुरू झाली. 1886 मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला, 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला, आणि 1927 मध्ये मुंबई इलाख्याने कापूस बाजार कायदा केला. धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडेच असल्यामुळे हा इतिहास आपलाही आहे. उघडी बोली, प्रमाणित वजने, ठरलेली हमाली व तोलाई या गोष्टी शेतकऱ्याला दयेपोटी मिळालेल्या नाहीत. त्यासाठी कायदा करावा लागला.

कर्जाच्या कागदाची गोष्ट याहून कठीण. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर आणि वह्यांवर होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तो आपल्याला वाचता येत नाही, ही त्या रयतेची व्यथा होती. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद त्यात होती. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह अल-बकरह, 282) उधारीच्या लिखाणाविषयी आहे, हे अनेकांना माहीत असते. तिच्यातील एक बारकावा मात्र सहज सुटतो. दस्ताचा मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगायचा आहे आणि लेखकाने तो न्यायाने लिहायचा आहे. दुबळ्या पक्षाच्या तोंडून कागद तयार व्हावा, ही ती व्यवस्था.

संगणकावरची बोली

कर्नाटकाने 2014 मध्ये राज्यातील बाजार समित्यांना संगणकाद्वारे जोडणारी एकीकृत बाजार व्यवस्था सुरू केली. 2016 च्या एप्रिलमध्ये केंद्राची ई-नाम योजना आली. आता व्यापारी आपापल्या जागेवरून बोली नोंदवतो आणि इतरांची बोली त्याला दिसत नाही. रुमाल आहे, पण तो व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमध्ये आहे, शेतकऱ्याविरुद्ध नाही. या बदलाचा अभ्यास 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भात, भुईमूग आणि मका यांच्या भावात सुमारे साडेतीन ते पाच टक्क्यांची वाढ आढळली. कापूस, मूग आणि तूर यांच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

संगणक भाव उघड करू शकतो. उचल मात्र त्याच्या आवाक्याबाहेर आहे. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला शेतकरी आडत्याकडून पैसे उचलतो आणि मग माल त्याच्याच दुकानी उतरवतो. बोली कितीही मोकळी असली तरी शेतकरी मोकळा नसतो. भाव पटला नाही तर माल परत नेण्याचा अधिकार नियमात आहे, उचल घेतलेल्याला तो वापरता येत नाही. हदीसमध्ये कर्ज आणि विक्री एकमेकांना जोडण्यास मनाई आली आहे. वरवर तांत्रिक वाटणारी ही मनाई आडतीच्या दुकानात उभे राहून वाचली की तिचा अर्थ उलगडतो. धनको हाच जेव्हा मालाचा मध्यस्थ होतो तेव्हा व्याज कोठे संपते आणि भाव कोठे सुरू होतो हे कोणालाच दाखवता येत नाही. यात आडत्याला सरसकट खलनायक ठरवणेही बरोबर नाही. रात्री अकरा वाजता दवाखान्यासाठी पैसे देणारा बहुधा तोच असतो, त्या वेळी बँक उघडी नसते.

हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची मिरची तिच्या गडद रंगासाठी प्रसिद्ध आहे. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 11 मार्च 2024 रोजी, सोमवारच्या बाजारात, भाव एकदम पडल्याने संतापलेल्या शेतकऱ्यांनी तेथील बाजार समितीच्या कार्यालयाची मोडतोड केली आणि वाहने पेटवली. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. प्रश्न वेगळा आहे. आवक वाढली की भाव उतरतो, त्यात अनीती नाही. मदिनेत महागाई झाली असता भाव बांधून देण्यास पैगंबरांनी (स.) नकार दिला होता. पण व्यापारी संगनमताने भाव ठरवत असतील तर राज्यकर्त्याने हस्तक्षेप करावा, असे इब्न तैमिया यांनी हिस्बावरील ग्रंथात मांडले आहे. त्या सोमवारी भाव आवकेमुळे पडला की संगनमतामुळे, हे ओळखण्याचे साधन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती नव्हते. सुप्याच्या रयतेला वही वाचता येत नव्हती, ब्याडगीच्या शेतकऱ्याला भावाचा फलक वाचता येतो पण फलकामागचे दिसत नाही.

वर्गात हा विषय शिकवण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे आडत्याची हिशोबपट्टी. तिच्यात एकूण वजन, पोत्यापोटी वजा केलेला कडता, हमाली, तोलाई, वजा केलेली उचल आणि शेवटी हातात आलेली रक्कम असते. नावे झाकून दोन-तीन पट्ट्या विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात आणि प्रत्येक ओळीपाशी विचारावे की ही वजावट कोणत्या नियमाने झाली आणि ती शेतकऱ्याला सौद्याआधी सांगितली होती का. कडत्याच्या ओळीपाशी बहुधा वर्ग थांबतो. रिकाम्या पोत्याचे वजन किती आणि कापले किती, हे पोते तागडीवर ठेवूनच पाहावे लागते.