चहा, दूध आणि लोहाची गोळी
इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या गावांत दिवसाचा प्रारंभ दुधाच्या चहाने होतो. गरोदर स्त्रीची लोहाची गोळी त्याच घोटाबरोबर घेतली गेली, तर तिचा उपयोग घटतो. ‘ॲनिमियामुक्त भारत’ (२०१८) कार्यक्रमातील या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. परंतु चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि दुधातील कॅल्शियम त्याच्या शोषणात अडथळा आणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे कारण केवळ चहा नव्हे, हे उघड आहे. तथापि वाटलेल्या गोळ्या मोजणे सोपे. त्या कशाबरोबर गिळल्या, हे घरातच कळते. गोळी पाण्याबरोबर वा लिंबाच्या सरबताबरोबर, चहाच्या आधी किंवा नंतर किमान एक तासाने घ्यावी; कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी.