दिवे लागल्यानंतरचे मिनिट

वळवाच्या पहिल्या सरीबरोबर शिवाजी उद्यमनगरातील वीज जाते, आणि ती परत येऊन बटण दाबताच लेथ फिरू लागला तरी कचेरीतला वायफायचा राउटर मिनिटभर नुसते दिवे मिचकावीत बसतो, तेव्हा त्याला आळशी ठरवून मालकमंडळी मोकळी होतात. हा आरोप अन्यायाचा आहे.

वीज मिळाल्या क्षणी प्रोसेसरपाशी स्मृती अशी नसतेच. रॅम जागेवर असते खरी, परंतु तिचा नियंत्रक जुळवून दिल्यावाचून ती निरुपयोगी. म्हणून पुष्कळ आधुनिक चिपांत कारखान्यातच कायमचा कोरलेला बूट रॉम हा चिमुकला प्रोग्रॅम प्रथम चालतो आणि चिपच्या पोटातील काही किलोबाइटांत मावेल एवढाच पुढचा तुकडा फ्लॅशमधून उचलतो. हा तुकडा रॅम कामाला लावतो, मग तीत बूटलोडर उतरतो, बहुधा वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने सुरू केलेला यू-बूट. संस्थानी अमदानीतल्या हंगामी मामलेदाराप्रमाणे यांतला प्रत्येक जण वरिष्ठाच्या हाती दफ्तर देऊन रजा घेतो.

सर्किटवरच्या पिनांना सिरियल केबल जोडली, तर पडद्यावर ११५२०० बॉडच्या गतीने धावणाऱ्या ओळींत यू-बूट दोन-तीन सेकंद घुटमळताना दिसतो: कोणी कळ दाबली तर त्याचा हुकूम ऐकावा, एरवी कर्नल उचलावा. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थिदशेत, १९९१ साली, जगापुढे ठेवलेला हा लिनक्स कर्नल संकुचित रूपात येतो, स्वतःला उलगडतो आणि कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे हे 'डिव्हाइस ट्री' नावाच्या कोष्टकातून वाचतो, कारण अशा छोट्या यंत्रातील बरेचसे भाग आपण होऊन ओळख देत नाहीत. मग तो मूळ फाइलव्यवस्था जोडतो. ती सापडली नाही तर 'पॅनिक' म्हणून तिथेच थबकतो, सापडली तर १ क्रमांकाची प्रक्रिया, 'इनिट', सुरू होते आणि वायफायसह बाकीचा सारा कारभार तीच उभा करते. स्वस्त राउटरात बॅटरीचे घड्याळ नसल्याने इंटरनेटवरून वेळ कळेपर्यंत त्याच्या रोजनाम्यात पुष्कळदा १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच, अशी मजेदार नोंद होत राहते.

वीज वारंवार गेली तरी हे बिघडत नाही, कारण मूळ फाइली बहुधा केवळ वाचण्यापुरत्या असतात आणि ग्राहकाच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात जातात. खरा धोका नवे सॉफ्टवेअर भरताना: त्यात बूटलोडरच अर्धवट लिहिला गेला, तर बूट रॉमला उचलायला धड काही उरत नाही. तेवढा वेळ राउटर इन्व्हर्टरवर जोडलेला असावा.